एक जूनला जन्मलेलं गाव

सिडकोतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून रईसा लोकांच्या मोटारी चालू करून देते, हे तिच्या मोहल्ल्यात बरीच वर्षं कुणाला पटत नव्हतं. मोटारी म्हणजे विहिरीवरच्या. पंप बनवणारी कंपनी पुण्याची, तक्रारी ऐकण्याचं कंत्राट संभाजीनगरच्या ऑफिसला, आणि तक्रार करणारा तिकडं वैजापूरकडं बांधावर उभा. या तिघांच्या मध्ये कानाला हेडफोन लावून रईसा. पान्याला तिनं जन्मात हात लावला नव्हता, पण "घूं घूं करते की खर्र खर्र?" एवढं विचारून कोणता मिस्त्री धाडायचा ते ती ठरवायची. तिचा नवरा गयास मिक्सर दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "मैं खोल के देखतूं, तू सुन के. तेरे हाथ काले नै होते."

मग धंद्याची रीतच बदलली. आधी कंपनी खुर्चीमागं पैसे द्यायची, त्यामुळं ऑफिसात कामापेक्षा खुर्च्यांना मान जास्त. आता कंपनी म्हणाली, खुर्च्या तुमच्या तुम्ही सांभाळा. तक्रार सुटली तर पैसे, नाही सुटली तर राम राम. वर फोन आधी माणसानं उचलायचाच नाही, यंत्रानं उचलायचा. यंत्राचं नाव ठेवलं सायली. सायली मराठीत बोले, गोड बोले, आणि ऐन हंगामात तिच्या मावसबहिणीचं लग्न निघत नसे.

टीम लीडर विश्वजीतनं रईसाला बोलावून घेतलं. "आपा, सायलीला तुम्ही शिकवायचं. फोनवर कसं बोलायचं, काय विचारायचं, सगळं."

"आणि शिकली की आम्ही काय करायचं, सर?"

विश्वजीत पेनचं टोपण न्याहाळत बसला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या नोकरीचंही त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

चहा देणाऱ्या केसरबाईंनी कप ठेवता ठेवता विचारलं, "सवतीला सैपाक शिकवायला बसल्या व्हय, आपा?"

"सवत निदान जेवते तरी, बाई. ही नुसतीच शिकते."

रईसानं शिकवलं, पण छापील पद्धतीनं. नाव विचार, नंबर विचार, जन्मतारीख विचार, जुळली तर पुढं जा. ती स्वतः मात्र जन्मतारखेच्या वाटेला कधी गेली नव्हती. ती विचारायची, "मोटार कुठल्या विहिरीवर?" त्यावर समोरचा माणूस विहीर, बांध, शेजारी आणि भाऊबंदकी एका दमात सांगून मोकळा व्हायचा. एवढं ऐकल्यावर ओळख पटवायला राहतंच काय? हे मात्र तिनं सायलीला सांगितलं नाही. सगळंच देऊन टाकलं तर आपल्याला इथं कोण ठेवणार?

गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत वैजापूरकडच्या एका गावात विजेचा दाब असा काही उसळला की निम्म्या गावाच्या मोटारी जळाल्या. त्या गावात रेंज येते ती कडुबा नावाच्या शेतकऱ्याच्या गच्चीवर, म्हणून सगळं गाव गच्चीवर, आणि फोनही कडुबाचाच. एकाचं बोलून झालं की "घे, आता तू बोल." सायलीनं ऐकलं ते असं: नंबर एकच, आवाज तऱ्हेतऱ्हेचे, आणि जन्मतारीख जवळपास सगळ्यांची एक जून. कुणीतरी लबाड माणूस कधी म्हातारा, कधी बाई होऊन कंपनीला लुटतोय, असं समजून तिनं गावच्या सगळ्या तक्रारी बंद केल्या आणि पुण्याला कळवलं.

विश्वजीतनं कपाळावर हात मारला. "अहो, माझे वडीलसुद्धा एक जूनचेच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली तीच तारीख." पंप कंपनीचे पुण्याचे साहेब, नानासाहेब, फोनवर म्हणाले, "आमचे दोन्ही काका." म्हणजे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. यंत्राला सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पण मग माणूस ओळखायचा कसा?" नानासाहेबांनी विचारलं. "नाही जमलं तर काम दुसऱ्या ऑफिसला द्यावं लागेल."

रईसा ऐकत होती. गप्प बसावं, सायलीची फजिती होऊ द्यावी, असं तिला क्षणभर वाटलंही. मग तिनं कडुबाला फोन लावला.

"ताई, तुमची ती नवी पोरगी लई गोड बोलती," कडुबा म्हणाला, "पन आख्ख्या गावाला चोर म्हनती."

"गहू कसा आहे, कडुबाभाऊ?"

"माना टाकायला लागलाय."

फोन ठेवून ती विश्वजीतकडं गेली. "सर, सायलीला एक गोष्ट शिकवायची राहिली."

"राहिली, की ठेवली होती?"

"ठेवली होती."

विश्वजीत हसला. "मी असतो तर दोन ठेवल्या असत्या."

दोघं संध्याकाळपर्यंत बसले. सायलीला विहीर विचारायला शिकवलं, आणि भाऊबंदकी आपल्या आवाक्याबाहेर गेली की फोन गुपचूप रईसाकडं द्यायला शिकवलं. भाऊबंदकी आवाक्यात राहिलेली विहीर त्या भागात क्वचितच सापडते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री गावात पोचले.

सगळ्यांचंच भागलं असं नाही. ऑफिसातल्या दोन मुली शेंद्र्याला कारखान्याच्या ऑफिसात लागल्या, आणि तिथली कॅन्टीन बरी आहे असं कळवत असतात. बाकीच्यांकडं फवारणी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं काम आलं. त्या कंपनीच्या सायलीला शिकवण्यासाठी नानासाहेबांनी रईसाचंच नाव सुचवलं होतं. गयासनं मिठाई आणली, वर म्हणाला, "अब मशीन बी तेरेकू उस्ताद बोलेंगी क्या?"

परवा सायलीनं कडुबाचा फोन रईसाकडं दिला.

"ताई, तुमच्या पोरीला चुलत्याच्या वाटणीपस्तोर सांगितलंय," कडुबा म्हणाला. "फुडचं तुमाला सांगू, का पयल्यापासून?"

बाकीच्या फोनचं बघायला सायली होतीच. रईसानं हेडफोन नीट बसवला.

"पहिल्यापासून सांगा, कडुबाभाऊ."