राणीचा नमस्कार

"नुसती मान झुकवून चालणार नाही," डग तिसऱ्यांदा म्हणाला. "तुम्ही राणीचे म्यूझिक ट्यूटर आहात. राणी आली की ट्यूटर गुडघा टेकतो."

डग आमचा शो-डिरेक्टर. २००६ साली इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलजवळ रेनेसाँ फेअर भरलं होतं. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली जत्रा, पार्किंगसकट. एरवी मी गिटार शिकवायचो, इथे ल्यूट. ल्यूट म्हणजे आपल्या तंबोऱ्याचा बुटका चुलतभाऊ, मान मागे मोडलेला. त्या काळी दरबारात एक मास्तर लॅटिन शिकवायचा, दुसरा वाद्य. दोघेही नोकरच. आमची लॅटिनवाली लिंडा टुणकन गुडघ्यावर बसली. मला जमेना. गुडघा दुखरा, आणि राणी माझीच शिष्या.

राणी झाली होती नेहा. आमच्या मित्राची मुलगी, जन्म इथलाच, कॉलेजात थिएटर शिकणारी. मागच्या शोला ती वाजवता वाजवता मधेच अडकली आणि प्रेक्षक टर्कीची तंगडी चघळत उठून गेले. "आज गडबड झाली तर म्यूझिक कॅन्सल," डगने बजावलं होतं. "तुमच्या जागी जगलर घेतो." जगलर नारिंगी विजार घालून, हातातले चेंडू उडवत-झेलत विंगेत उभाही होता. मला त्याचा मनापासून राग आला.

"काका, आय ॲम सो नर्व्हस," नेहा म्हणाली. "आई म्हणते, वाजवायच्या आधी नमस्कार कर. करू?"

"आता वेळ नाही गं. नंतर."

नंतर म्हणजे शो संपल्यावर, असं मला म्हणायचं होतं.

ट्रम्पेट वाजलं. नेहा स्टेजवर आली, चेहरा पांढराफटक. मी नाक मुठीत धरून गुडघा टेकला. त्याच क्षणी ती माझ्या पाया पडायला वाकली.

ठक्क! मुकुट घरंगळत लिंडाच्या मांडीवर गेला. प्रेक्षक पोट धरून हसायला लागले. मी सवयीने म्हणालो, "यशस्वी हो." नेहा खुदकन हसली, ल्यूट उचललं आणि एक सूर न चुकता अख्खा पीस वाजवला. माझे डोळे भरून आले. थोडे टेंगळामुळेही असतील.

डग तरातरा आला. "राणी कुणापुढे वाकत नाही!"

"मास्तरपुढे वाकते," मी म्हटलं.

टाळ्या थांबत नव्हत्या. डगने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. "चारच्या शोला परत करा. टकरीसकट."

सीझनभर दिवसाला तीन टकरा झाल्या. पुढे लिंडाही हटून बसली, लॅटिनलाही नमस्कार हवा म्हणून. मी मात्र एक शिकलो. शिष्याचा नमस्कार जरूर घ्यावा, पण उभ्याने.