टायवाल्या साहेबांचा सल्ला

स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने काय सांगायची! पण चहा आलाच आहे, तर ऐका.

तलासरीला सरकारी कचेरीत मी कारकून होतो. रिटायर होऊन आशागडला घरी बसलो आणि टीव्हीवरच्या शेअरबाजाराच्या नादी लागलो. रोज दुपारी एक टायवाले साहेब यायचे. काय तो रुबाब! माणूस एवढ्या ठामपणे बोलतोय म्हणजे त्याला कळत असणारच, असं माझं गणित. सगळी नोकरी ठाम बोलणाऱ्यांना घाबरण्यात गेली, ती सवय सुटते कुठे?

साहेबांच्या सांगण्यावरून एका कंपनीचे थोडे शेअर घेतले. चार दिवस शेअर वर गेला आणि त्याच्यासोबत मीही!

बँकेत सुनंदाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते. बिचारी ओटीच्या दोन पायऱ्यासुद्धा एका कुशीला वळून, कशीबशी उतरायची. म्हटलं, हे पैसे त्याच कंपनीत टाकू, दुप्पट करू आणि एकाऐवजी दोन्ही गुडघे करून टाकू! तिला सांगितलं का? छे! सरप्राइज द्यायचं होतं ना!

फक्त साहेबांना एकदा विचारावं, म्हणून कार्यक्रमात फोन लावला. आणि लागला की हो!

"सर, माझ्याकडे या कंपनीचे शेअर आहेत. आता पुढे काय करू?"

"होल्ड करा," साहेब म्हणाले. आणि फोनमध्ये टिंगटिंग संगीत सुरू झालं.

आता शेअर विकू नका, राहू द्या, असं त्यांना म्हणायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, साहेब फोन धरून ठेवायला सांगतायत! कार्यक्रम संपला की निवांत बोलतील, आतली खबर देतील. धरला फोन. अडीच वाजले, तीन वाजले, कान तापून लाल झाला. ज्या मोबाइलवरून शेअर घ्यायचे, तोच कानाला! साडेतीनला बाजार बंद झाला, तरी माझं टिंगटिंग चालूच.

तेवढ्यात सुनंदा डहाणूहून बाजार घेऊन आली.

"अहो, कोणाशी बोलताय?"

"शू! साहेबांनी होल्ड करायला सांगितलंय."

"कोण साहेब?"

मी उत्तर देणार, तोच शेजारचे जयेशभाई धावत आले. "भाऊ, तमे तो टीव्हीमां आव्या! टीव्हीवर शेअरवाल्या साहेबांशी बोललात!"

संपलं सरप्राइज. सगळं कबूल करावं लागलं, गुडघ्यासकट.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण बाई शांतपणे खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि स्वतःच्या मोबाइलवर त्याच साहेबांचे जुने व्हिडिओ काढले.

"हे बघा. दिवाळीत म्हणतात, ही कंपनी म्हणजे सोनं. होळीला म्हणतात, हिला हात लावू नका. आता परत सोनं! आवाज मात्र तिन्ही वेळा तेवढाच ठाम. माझं आधीचं चुकलं, असं एकदा तरी म्हणाले का हो?"

मी मोबाइल हातात घेऊन तिन्ही व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले.

"आणि खाली काय लिहिलंय ते वाचा."

मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही. बारीक अक्षरं वाचण्याचाच मी जन्मभर पगार घेतला आणि नेमकी हीच वाचली नाहीत!

पैसे बँकेतच राहिले. पंधरा दिवसांत त्या कंपनीने अशी काही आपटी खाल्ली की माझ्या थोड्याशा शेअरचा चुराडा झाला. म्हटलं, ही आपली शिकवणीची फी! गुडघ्याचं ऑपरेशन मात्र ठरल्या दिवशी झालं. आज सुनंदा पायऱ्या सरळ उतरते. तिला उतरताना पाहिलं की माझे डोळे भरून येतात. मनातल्या मनात हात जोडतो, तिला आणि फोनमधल्या त्या टिंगटिंगलाही. तेवढा वेळ हात अडकला नसता, तर?

परवा जवळच्या कैनाड गावाहून एक गृहस्थ पिशवीभर मिरच्या घेऊन आले. "भाऊ, तुम्ही टीव्हीवर आला होतात ना? एखादा चांगला शेअर सांगा की!"

मी घसा खाकरून सरसावून बसलो. आतून सुनंदा म्हणाली, "आधी यांचे जुने सल्ले तपासा, मग विचारा."

"यांनी आधी काय सल्ला दिलाय, वहिनी?"

"मला एकच दिला होता. माझ्याशी लग्न कर, सुखात राहशील. तीस वर्षं झाली, अजून तपासतेच आहे!"