हात रिकामा करायचा नसतो

आमच्या घरात पत्रकाचा एक नियम आहे. ज्याच्या विरोधात पत्रक काढायचं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. नियम बाबांचा. पाण्यासाठी, वाड्या वाचवण्यासाठी, डोंगर पोखरणाऱ्यांविरुद्ध त्यांनी इतकी पत्रकं काढली की मी अक्षरं त्यांवरच शिकले. माझी पाढ्यांची वही म्हणजे उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू, सुईदोऱ्याने शिवलेल्या. एकदा आमचा शेजारी विहिरीचं पाणी टँकरला विकत होता, तेव्हा बाबा त्याच्याच ओट्यावर जाऊन त्याच्याविरुद्धचं पत्रक त्याला वाचून दाखवून आले. त्याने शांतपणे ऐकलं, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि सरबत दिलं.

गेल्या दिवाळीनंतर पत्रक काढायची पाळी माझ्यावर आली. आमच्या पापडीच्या आळीत एक लहानसं वाचनालय आहे. तिथल्या मागच्या टेबलावर रविवारी सकाळी पाचसात मुलं रंगीत पत्ते मांडून खेळत. साधे बावन्न पत्ते नव्हेत; बंद पाकिटातून मिळणारे, चित्रांचे, एकमेकांत अदलाबदल करायचे पत्ते. वाचनालयाच्या समितीने ठरवलं की हे बंद करायचं. अध्यक्ष म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. ते म्हणाले, "तू लिही गो. तुझं लिहिलेलं झोंबतं." मला आनंदच झाला. पाकिटात काय आहे ते न सांगता मुलांना पाकीट विकणाऱ्या कंपन्यांबद्दल माझ्या पोटात आधीच आग होती. "पत्ते कोणतेही असोत, जुगार तो जुगार" अशी पहिली ओळ मी एका दमात लिहिली, आणि इतकी खूश झाले की वाचून दाखवण्याआधीच शंभर प्रती झेरॉक्स करून आणल्या.

मग नियम आठवला. वाचून दाखवायचं कुणाला? टेबलावरच्या मुलांची पुढारी माझी भाचीच होती. अकरा वर्षांची. माझा भाऊ आचोळ्याला राहतो. ती दर शनिवारी आमच्याकडे येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. शनिवारी दुपारी तिला ओट्यावर बसवून मी पत्रक वाचलं. बाबा झोपाळ्यावर होते.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आत्या, तू खेळलीस कधी?"

"त्यात खेळायचं काय?"

"मग जुगार कसं लिहिलंस?"

बाबा झोपाळा थांबवून म्हणाले, "पडलं पत्रक."

"आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी खेळत नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "खाली नुसतं पार्किंग आहे. टेबल फक्त इथेच आहे. उद्या तुम्ही ते घेणार, तर निदान आज एक गेम खेळ. मग घ्या."

तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती अटी घालत होती, आणि त्या अटी माझ्याच घराण्याच्या होत्या. मी मांडी घालून बसले.

तिने मला तिची जुनी गड्डी दिली. साठ पत्ते. सुरुवातीला हातात पाच, मग प्रत्येक पाळीला वरून एक उचलायचा. दोघींचे वीस-वीस प्राण. ते मोजायला चिंचोके. काही पत्ते शक्तीचे, त्यांतला पाळीला एकच मांडता येतो. बाकीचे पात्रांचे: राक्षस, पक्षी, शिपाई. शक्तीचे पत्ते जितके मांडलेले, तितकं मोठं पात्र मैदानात उतरवता येतं.

"आणि वापरलेला पत्ता आडवा करायचा," ती म्हणाली. "आडवा म्हणजे थकला. पुढच्या पाळीला परत उभा."

"दर पाळीला विश्रांती मिळते याला?"

"हो."

"मग याचं बरं चाललंय."

"आत्या, खेळ ना!"

पण मला राहवत नव्हतं. प्रत्येक पत्त्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि बारीक अक्षर दिसलं की ते वाचायची मला लहानपणापासून सवय आहे. एकावर होतं की हा शिपाई थकत नाही. मी म्हटलं, "हे तुझ्या नियमाविरुद्ध आहे."

"नियम आणि पत्ता यांचं भांडण झालं तर पत्ता जिंकतो," ती म्हणाली. "तोच तर मेन नियम आहे."

मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. एक छापील चिटोरं मोठ्या नियमाला उभ्या उभ्या हरवतं, आणि हे नियमांच्या पुस्तकानेच कबूल केलेलं! बाबांकडे पाहिलं तर तेही पुढे वाकले होते. "बघू तो शिपाई," म्हणाले.

मग मी जोरात खेळू लागले. जे हातात येईल ते मैदानात. लहान पात्र, मोठं पात्र, काही राखायचं नाही. सहाव्यासातव्या पाळीला शेवटचा पत्ता खाली आपटला, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "सुटले!"

भाची माझ्याकडे बघतच राहिली. "कशातून?"

गणपतीत आमच्याकडे दुपारभर झब्बू चालतो. त्यात ज्याचे पत्ते आधी संपले तो सुटला. शेवटी हातात पत्ते उरतील तो गाढव. मी पाच वर्षांची असल्यापासून मला एवढंच माहीत की पत्ते हातात उरणं म्हणजे नामुष्की. आणि फक्त पत्त्यांचं नाही. अर्नाळ्याच्या बाजारात पत्रकं वाटून आले की बाबा दारातच विचारत, "किती उरली?" एकही नाही म्हटलं की जेवण गोड लागायचं.

"तू झब्बू खेळतेयस?" तिला आता कळलं. ती हसून हसून ओट्यावर आडवी झाली. "आजोबा, आत्या झब्बू खेळतेय!"

"मग बरोबरच आहे," बाबा म्हणाले. "हात रिकामा झाला ना?"

"अहो आजोबा, इथे हात रिकामा म्हणजे मेलात!" तिने एक पत्ता काळजीपूर्वक मैदानात ठेवला. तो तिने पहिल्या पाळीपासून हातात धरून ठेवला होता. कोपरा घामाने मऊ झालेला. "वाच."

मी वाचलं. मैदानातली सगळी पात्रं बाद. तिचीही, माझीही. माझं सगळं घरदार गेलं आणि हातात काहीच नव्हतं. तिच्या हातात अजून चार पत्ते होते.

"तू आल्या आल्या सगळं बोलून टाकतेस," ती चिंचोके उचलत म्हणाली. "ऐकायचं आधी. समोरचा काय उतरवतो ते बघायचं."

हे पत्त्यांबद्दल होतं. तरी मला कान गरम झाल्यासारखे वाटले.

आम्ही अजून तीन डाव खेळलो. तिन्ही मी हरले. मध्येच मी विचारलं, "आणि अदलाबदल? त्यात मोठी मुलं लहानांना फसवत असतील."

तिने गड्डीच्या डब्यातून घडी घातलेला कागद काढला. टेबलाचे नियम, तिच्या अक्षरात. पैसे देऊन पत्ता घ्यायचा नाही. लहान मुलाशी बदल करताना तिसरा मोठा साक्षीला हवा. बदल पटला नाही तर वाचनालय बंद होईपर्यंत पत्ता परत मागता येतो. मी कागद उलटला. मागे बाबांचं जुनं पत्रक होतं, पाण्याचं.

"पाकिटांचं तू लिहिलंस ते खरंय," ती म्हणाली. "आत काय ते कळत नाही. मी दोनदा रडलेय. ते लिही. पण टेबलाचं नको ना लिहू."

रविवारी सकाळी मी पिशवीत शंभर प्रती घेऊनच वाचनालयात गेले. समितीचे तिघे बसले होते. मुलं मागच्या टेबलाशी पत्ते न काढता उभी होती. गुरुजींनी हात पुढे केला. "आण गो पत्रक. वाटून टाकू."

माझा हात पिशवीत गेला, आणि तिथेच राहिला.

"गुरुजी, आधी एक डाव खेळा," मी म्हणाले. "मी न खेळताच लिहिलं. चूक झाली."

"मी? पोरांशी?"

"भ्यालात का सर?" भाची म्हणाली.

सर म्हटल्यावर त्यांचा इलाज नव्हता. चष्मा पुसत ते बसले. तिने नियम सांगितले, मला सांगितले तसेच. आडवा म्हणजे थकला. बाकीचे दोघे खुर्च्या ओढून मागे आले. गुरुजी ताठ बसून भराभर पत्ते उतरवू लागले. त्यांच्या हातातले पत्ते कमी होत चालले, तशी भाचीने माझ्याकडे चोरून पाहिलं. मला बोलायचं होतं. मी ओठ मिटून धरले.

अर्ध्या तासाने गुरुजींनी शेवटचा पत्ता टेबलावर हाणला. "सुटलो!"

सगळी मुलं एकदम ओरडली. भाचीने तो घामेजलेला पत्ता ठेवला. गुरुजींनी तो दोनदा वाचला, भुवया चढवल्या, आणि स्वतःचे सगळे पत्ते गोळा करून तिच्यापुढे सरकवले. "पुन्हा वाट."

"सर, ठरावाचं काय करायचं?" मागून एकाने विचारलं.

"थांबा हो जरा. माझी पाळी आहे."

दुपारी घरी आलो तेव्हा बाबा दारात होते. सवयीने विचारलं, "किती उरली?"

"सगळी."

बाबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "एवढा कागद फुकट घालवलास?"

"फुकट कसा, आजोबा?" भाचीने गठ्ठा बाहेर ओढला आणि उलटा करून ओट्यावर ठेवला. "मागची बाजू कोरी आहे. सरांना टेबलाच्या नियमांची एक प्रत हवीय, आणि पाकिटांचं पत्रक आत्या मला आधी वाचून दाखवणार आहे."