काओरची काळी वाइन आणि तळाचा गाळ

मस्कतची ती केस अजून माझ्या मनात बसून आहे. पोलीस खात्यात असतो तर तिला केस म्हटलंच नसतं. मी सातवी शिकलेला, शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन बाहेर पडलो. बायको गेली आणि मुलाने मला मस्कतमधल्या अल् खुवैरला, त्याच्या घरी आणलं. भिंती बघत बसण्यापेक्षा एका हॉटेलात सिक्युरिटीचं काम धरलं.

हॉटेलचा मोठा शेफ फ्रान्सचा. त्याच्या मुलखाचं नाव काओर. तिथली लाल वाइन त्याने हौसेने मागवली होती. लाल कसली, काळीच. ग्लासापलीकडचं बोट दिसत नाही. त्याच्याकडे नदी नागासारखी वळत जाते, दोन्ही अंगांना चुनखडीचे डोंगर, आणि त्या दगडगोट्यांत मालबेक नावाचं द्राक्ष. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून गप्पा जमायच्या.

तर गिऱ्हाइकं ग्लास परत पाठवायला लागली. वाइन गढूळ, कडू, तोंडात कचकच. शेफ रडायच्या बेताला आला. मॅनेजर पुण्याचा, तो म्हणाला भेसळ आहे. तेवढ्यात एका वेटरने मला खबर दिली. "काका, स्टोअरवाले भाई बाटली द्यायच्या आधी आत नेतात आणि तिचं काहीतरी करतात."

भाई रत्नागिरीकडचे, पाच वेळ नमाज पढणारे. दारूत भेसळ केली म्हणून व्हिसा रद्द होऊन गावी गेले असते, तर जमातीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मॅनेजर म्हणाला, "काका, रिपोर्ट लिहा. यल्ला, चला, खलास."

"जबाब घेतल्याशिवाय मी रिपोर्ट लिहीत नाही," मी म्हटलं.

आधी मुद्देमाल बघितला. बंद बाटल्यांची सीलं शाबूत, बुचाला सुईचं भोकही नाही. मग भाईंना चहा पाजला. घाबरलेला माणूस उपाशीपोटी नको ते कबूल करतो, हे मी खात्यात पाहिलंय.

"भाई, बाटली उघडता?"

"तोबा. साहेब, मी ती कंदी जिभेला लावली नाय. पोटासाठी हात लावतो, तो पण मागाहून धुतो."

"मग आत नेऊन काय करता?"

"काय नाय. चांगली करून देतो."

"चांगली म्हणजे?"

"चांगली म्हणजे चांगली. तुमी पोलीस लोक एकच सवाल किती वेला विचारता?"

मी एक बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "समजा मी वेटर आहे. द्या मला, रोज देता तशी."

भाईंनी ती मानेला धरली, उलटी केली, खसाखसा हलवली, उजेडात बघितली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. "तलाचा माल वर आला पायजे ना. गिऱ्हाइकाला नुसता वरचा पानी कशाला द्यायचा? घरी कोकमाचं आगळ आमी असंच देतो."

मला हसू आलं, मग थांबलं. माझी बायको गुहागरची. आगळाची बाटली हलवल्याशिवाय तिने कधी पाहुण्याला सरबत दिलं नाही. मी तशीच ओतली तर ओरडायची, "कस तळाला असतो हो. तो काय बाटलीला पाजणार?"

भाई म्हणाले, "साहेब, तुमी हसता, हितं माजी नोकरी चाललीय."

शेफला बोलावलं. त्याने एक बाटली दोन दिवस उभी ठेवली आणि मॅनेजरसमोर सावकाश ओतली. काळीभोर पण स्वच्छ. भाईंनी हलवलेली तिच्याच पेटीतली, ती गढूळ. मॅनेजरने दोन्ही चाखल्या आणि रिपोर्ट राहू द्या म्हणाला. शेफने सांगितलं, अशी दाट वाइन वर्षानुवर्षं पडून राहिली की गाळ धरते. तो तळाशीच राहू द्यायचा.

"म्हंजे कस फेकायचा?" भाईंनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"काय तरी मुलूख," भाई म्हणाले आणि कामाला गेले. ते अजून तिथेच आहेत. वाइनची बाटली आता लहान मूल उचलल्यासारखी उचलतात.

मला या केसने एक शिकवलं. नोकरीभर मी माणसाला विचारत आलो, काय केलंस? त्यापेक्षा म्हणावं, करून दाखव. चांगलं समजून केलेलं काम माणसाला सांगता येत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नसतं.

सुट्टीवरून येताना भाईंनी मला आगळाची बाटली आणून दिली. दुपारी सून सरबत करायला घेते. मी म्हणतो, थांब, आण इकडे. आणि खसाखसा हलवून देतो.