सात दिवसांची बाटली

प्रयोगशाळेच्या दारावर नवी पाटी लागली आणि त्याच दिवसापासून पित्तबाईंचं नव्या साहेबांशी बिनसलं. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व अहवाल चोवीस तासांत'. बाईंनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जंतूंना वाचून दाखवलीत का ही?"

साहेब वयानं बाईंच्या मुलाएवढे, हुशार, चटपटीत आणि विनोदाचं वावडं असलेले. त्या दिवसापासून त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'चोवीस तास' म्हणू लागले. हे नाव बाईंनीच पाडलं असणार, पण त्या ताकास तूर लागू देत नसत.

त्यांचं स्वतःचं नाव तरी हजेरीच्या वहीबाहेर कुणाला ठाऊक होतं? नाकाच्या शेंड्यावर राग म्हणून पित्तबाई, असं नवखे समजत. खरी गोष्ट जुन्यांना माहीत होती. एकोणिसाव्या वर्षी त्या इथे बाटल्या धुवायला लागल्या, तेव्हा रोज सकाळी कत्तलखान्यातून जनावरांच्या पित्ताच्या पिशव्या आणायचं काम कुणी अंगावर घेईना. बाईंनी घेतलं. नाकाला रुमालसुद्धा न लावता त्या झाकणाचा डबा भरून आणायच्या. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर ते हिरवं, कडूजहर पाणी गाळून, पातळ करून, वाफेवर उकळून बाटल्यांत भरायचे. टायफॉइडचा जंतू मूळचा आतड्यातला. इतर कितीतरी जंतू पित्तात गुदमरतात, हा मात्र माहेरी आल्यासारखा अंग धरतो. रोग्याच्या रक्तात तो नावापुरता उरला असला, तरी पित्तात घातलं की वाढतो आणि सापडतो.

पुढे बाई परीक्षा देऊन तंत्रज्ञ झाल्या. पिशव्या जाऊन डब्यातली पावडर आली, तरी पित्ताच्या त्या पाण्याला, म्हणजे ब्रॉथला, त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना दोन गोष्टी पढवल्या होत्या. रक्तावर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, तपासणीला काढून घेतलं की खाली जी गुठळी उरते, ती टाकायची नाही. सीरमबरोबर जंतूंशी लढणारी रक्तातली द्रव्यं निघून गेलेली असतात, त्यामुळे गुठळीत टायफॉइडचा जंतू बिनघोर वाढतो. ती फोडून पित्तात घालायची. आणि दुसरी गोष्ट, पित्ताच्या बाटलीत वाढ डोळ्यांना दिसत नाही. तारेचं टोक बुडवून जंतूंचं खाद्य थापलेल्या प्लेटवर ओढून दुसऱ्या दिवशी बघायचं, एकदा नव्हे, सात दिवस.

ही दुसरी गोष्ट बाईंनी एकदाच मोडली. तंत्रज्ञ होऊन तिसरं वर्ष, हाताशी ढीगभर काम. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक बाटली उजेडात धरली, काही दिसलं नाही, टाकून दिली. वाढ नाही, असं लिहिलं. ते रक्त शाळेतल्या एका शिपायाचं होतं. आठवड्याभरानं त्याच्या आतड्याला भोक पडलं आणि तो गेला. कुणी बाईंना जाब विचारला नाही, कुणाला कळलंच नाही. पण बाटलीवरची चिठ्ठी त्यांनी सोलून काढली आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. क्रमांक चारशे बारा. जेवणाचा डबा ठेवायला रोज कपाट उघडावं लागतं, तेव्हा रोज ती दिसते.

चोवीस तासांच्या हिशेबात सात दिवसांची बाटली कशी बसणार? साहेबांनी ती तपासणी बंदच करून टाकली. आता थेंबभर सीरम पट्टीवर टाकायचं, पंधरा मिनिटांत निकाल घ्यायचा. उरलेली नळी थेट कचऱ्याच्या लाल पिशवीत.

बुधवारी एका शिवणवालीचं रक्त आलं. बाजारच्या रस्त्यावर तिचं मशीन असायचं, घरी चार महिन्यांची मुलगी. बारा दिवस ताप. दुकानदारानं दिलेल्या गोळ्या तिनं अर्धवट खाल्लेल्या. पट्टीवर काही उमटलं नाही. छातीच्या फोटोत जुना डाग दिसत होता, म्हणून वॉर्डच्या डॉक्टरांनी क्षय धरला आणि सोमवारी सकाळी तिला गावाबाहेरच्या छातीच्या दवाखान्यात हलवायचं ठरवलं. तिथे तान्ह्या मुलांना आत सोडत नाहीत.

हे सगळं बाईंना बाहेरच्या बाकावर कळलं. शिवणवालीची सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, हिला वरचं दूध चालत नाही हो," ती म्हणाली. "बाटली तोंडाशी नेली की मान फिरवते. किती महिने ठेवतील तिथे?"

"मावशी, ताप संध्याकाळी चढतो?"

"चढतो की. रोज कालच्यापेक्षा जास्त. आणि पोट दुखतं म्हणते."

बाई आत गेल्या, लाल पिशवीशी पोचलेली नळी मागे घेतली, गुठळी फोडून पित्तात घातली. डॉक्टरांचा तपासणीचा अर्ज नव्हता, क्रमांक नव्हता. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि बाटली इन्क्युबेटरच्या वरच्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवली. लपवायची असती तर त्या पित्तबाई कसल्या?

शुक्रवारी तार बुडवून प्लेटवर ओढली. शनिवारी प्लेट कोरी. आणि नेमके तेव्हाच साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे काय आहे, बाई?"

"दिसतंय ना. पित्ताचा ब्रॉथ."

"ही तपासणी आपण बंद केली आहे."

"तुम्ही केलीत. जंतूनं येणं बंद केलेलं नाही."

साहेबांनी बाटली खिडकीशी नेली, उजेडात तिरकी केली. "काही नाहीये यात. स्वच्छ आहे." आणि त्यांनी ती लाल पिशवीत टाकली.

चारशे बारा क्रमांकाची बाटली बाईंनीही अशीच टाकली होती. अगदी तशीच, उजेडात धरून. मग मात्र त्यांचं पित्त असं खवळलं, की शेजारच्या टेबलावरची मुलगी पिपेट हातातच धरून राहिली. बाईंनी पिशवीत हात घातला, बाटली काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि परत वरच्या फळीवर ठेवली.

"सात दिवस," त्या म्हणाल्या. "त्याआधी हिला हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

"बाई, हे मी लेखी घेईन!"

"घ्या की. कागद देऊ?"

तशाच त्या वॉर्डात गेल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, एवढे दोन-तीन दिवस शिवणवालीला हलवू नका. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त दमलेला होता. "हातात काय आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं. हातात काहीच नव्हतं. "मग गाडी सोमवारी नऊला येणार." बाई परतल्या.

रविवारी प्रयोगशाळा बंद. बाईंनी पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, दिवा लावला आणि पुन्हा तार ओढली. घरी नवरा म्हणाला, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, आता कशाला डोकं आपटतेस?" बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्यानं चहा ठेवायला उठला.

सोमवारी साडेसातला त्यांनी इन्क्युबेटर उघडला. प्लेटवर नऊ ठिपके होते. बिनरंगी, बारीक, काचेच्या मण्यांसारखे. आतड्यातले नेहमीचे निरुपद्रवी जंतू या प्लेटवर गुलाबी होतात, हे गुलाबी नव्हते. काचपट्टीवर एक ठिपका मिसळला, त्यावर ओळख पटवणाऱ्या सीरमचा थेंब टाकला, पट्टी हळूहळू डोलवली. दूध नासावं तसे बारीक कण धरले.

"सापडलास, मेल्या!" बाई एकट्याच ओरडल्या.

प्लेट झाकून, दोन्ही हातांत धरून त्या निघाल्या. वॉर्डच्या दाराशी गाडी उभी होती. शिवणवाली स्ट्रेचरवर होती, मुलगी सासूच्या हातांत रडत होती. बाईंनी प्लेट डॉक्टरांच्या पुढ्यात धरली. "आता हातात आहे," त्या म्हणाल्या. "तिसरा आठवडा लागतोय. आतडं फुटायची वाट बघायची का?"

डॉक्टरांनी प्लेट पाहिली, काचपट्टी पाहिली, आणि चालकाला हातानं खूण केली. गाडी रिकामी गेली. दुपारपर्यंत औषध बदललं होतं आणि पुढच्या रविवारी शिवणवालीनं पेज मागून घेतली.

साहेबांनी बोलावलं ते औषध लागू पडल्यानंतर. टेबलावर कोरा कागद होता. चेहरा पडला होता खरा, पण आवाज मऊ होता. "बाई, पेशंट वाचली, चांगलंच झालं. पण विनाअर्ज तपासणी झाली, वर कळवलं गेलंय. तुम्ही एवढंच लिहा, की तपासणी नजरचुकीनं झाली. मी प्रकरण मिटवतो."

बाईंनी पेन उचललं. त्यांना कपाटाचं दार आठवलं.

"साहेब, चूक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "एकदा केली आहे. तिचा क्रमांक चारशे बारा. ती कुणी लिहून मागितली नाही. आणि ही मागताय?"

साहेबांना काही उमगलं नाही. बाईंनी समजावूनही सांगितलं नाही. कागदावर लिहिलं, 'तपासणी मी जाणूनबुजून केली. पुन्हा करीन.' खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, तारीख टाकली. कागद साहेबांकडे सरकवला आणि हात धुऊन बाई त्या दिवशीच्या गुठळ्या फोडायला बसल्या.