दसऱ्याचं झाकण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं येतं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही पानं कोणाच्या हाती लागलीच, तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. मला अशफाकचाचांबद्दल लिहायचं आहे. बोलायला हवं होतं, पण ते जमलं नाही, म्हणून लिहिते.

चाचा कामावर आले की आधी चहा घेत नसत. अकोटला एसटी स्टँडच्या मागं त्यांचं टीव्ही, मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. लोक नवे टीव्ही घ्यायला लागले, दुरुस्तीला कोणी येईना, तेव्हा उतारवयात ते मोबाईलवर पाहून पाहून नवीन विद्या शिकले. बिस्किटाएवढी हिरवी पट्टी असते, तिला ते बोर्ड म्हणत. तिला संगणकातून काम शिकवायचं, मग ती हवेतली उष्णता आणि ओल मोजून आकडे मोबाईलवर पाठवत राहते. आमच्या रेशीम किड्यांच्या शेडमध्ये ते बोर्ड बसवायला आले होते. मी चहा पुढं केला तर म्हणाले, "ठेवा वैनी. आधी याले बोलू द्या, मंग आपण."

"थंडा होऊन जाईन, चाचा," आमचे हे म्हणाले.

"होऊ दे. थंडा चहा पेल्यानं कोनी मरत नाई. बिनबोलत्या मशीनीपाशी चहा पेला का मले पचत नाई."

त्या दिवशी बोर्ड काही बोलेना. संगणकाला वायर लावली की दिवा लागे, पण आकडे येत नसत. चाचांनी बोर्ड उलटासुलटा केला, चष्मा पुसला, मग मला विचारलं, "वैनी, घरात मोबाईलच्या वायरी किती हायेत? साऱ्या आना." मी फळीवरच्या, उशीखालच्या, होत्या तेवढ्या आणल्या. एक एक लावता लावता एकीनं आकडे सुरू झाले, आणि पडद्यावर ओळीखाली ओळ धावायला लागली.

"दिसाले साऱ्या सारख्याच," चाचा हातातली पहिली वायर दाखवत म्हणाले. "पन ही नुसतं जेवन पोचवते, निरोप नाई पोचवत. मानसंई असतेत अशे."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मी लांबूनच पाहत होते. परक्या माणसासमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. "याच्यावर फुंक मारा," ते म्हणाले. मी पदर सावरून फुंकर मारली. आकडा सरसर चढला. तेवढ्यात तुतीच्या वावरात गेलेल्या यांचा फोन आला, "शेडमदी काय झालं? ओल एकदम काहून वाढली?"

चाचा फोनवर म्हणाले, "काई नाई झालं. वैनी बोलल्या."

मला हसू आलं. तेव्हा कुठं त्यांनी तो गार चहा घेतला.

शेडमध्ये शिरताना चाचा चपला बाहेर काढत, किड्यांना रोग लागू नये म्हणून दारातल्या चुन्यात पाय बुडवत आणि आवाज बारीक करत. किडे पाला खातात तेव्हा मंद आगीवर लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. ते उभं राहून ऐकत. "आपल्या पोराईचं जेवन चालू हाय, गलबला करू नका," म्हणत. त्यांनी मला आकडे वाचायला शिकवलं. वरचा उष्णतेचा, खालचा ओलीचा. वरचा चढला की खिडक्यांची गोणपाटं भिजवायची, खालचा चढला की खिडक्या उघडायच्या. घरात सगळे आपसात बोलत, मला कोणी विचारत नसे. त्या पट्टीला मात्र माझा श्वाससुद्धा कळत होता. मला तिची माया लागली.

आमच्या भागातल्या रेशीमवाल्यांचा एक गट होता. प्रत्येकाच्या शेडला असा बोर्ड बसवायचं ठरलं. गटाचा विसार आमच्या यांच्या हातून चाचांना गेला, आणि त्यातून त्यांनी सगळ्यांचं सामान आणून टाकलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सारे आमच्या शेडमध्ये बोर्डाचं काम पाहायला येणार होते.

दसऱ्याला मी विळे, कोयते, फवारणीचा पंप, यांची गाडी, सगळ्यांची पूजा केली. मग ताट घेऊन शेडमध्ये गेले. बोर्डाच्या डबीला चाळणीसारखी भोकं होती. मी फुलानं पाणी शिंपडलं, हळद वाहिली, चिमूटभर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. हात जोडून म्हटलं, आम्हाला सांभाळ.

दुसऱ्या दिवशी गटाचे लोक जमले. बाहेर कोरडं ऊन, अंग तडतडत होतं, आणि मोबाईलवर ओलीचा आकडा नव्याण्णव. कोणी म्हणालं, "चाचा, किडे पोहून राहिले काय?" सगळे हसले. चाचांनी बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला. तोच आकडा. आमचे हे, ज्यांनी विसार दिला होता, चिडून म्हणाले, "चाचा, तुमी टीव्हीच दुरुस्त करा. हे तुमचं काम नोय."

मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. चाचांनी डबी उघडली, आत पाहिलं आणि बंद केली. मी कप पुढं केला. माझ्या बोटाला कालची हळद तशीच होती. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मग कप घेतला. मशीन बोललं नव्हतं, तरी एका घोटात चहा पिऊन ते म्हणाले, "माहीच चूक हाय. पैशे वापस करतो."

मी बोलले नाही. यांची भीती होती, लोकांची लाज होती. आत जाऊन कप विसळत बसले.

सामान आणून झालं होतं, त्यामुळं पैसे एकदम परत करणं त्यांना जमलं नाही. मिक्सर, पंखे दुरुस्त करून ते थोडे थोडे आणून देत आणि आमचे हे ते पैसे गटाला देत. दर वेळी मला विचारत, "पोरं जेवतेत ना, वैनी?" मी मान हलवायची. एकदा मी ठरवलं की सांगायचंच. चांगला चालणारा मिक्सर पिशवीत घातला आणि एसटीनं अकोटला गेले. चाचांनी तो लावून पाहिला. छान चालला.

"काय खराबी हाय याच्यात?"

"आवाज करते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एक स्क्रू उगाच आवळला आणि म्हणाले, "आता नाई करनार." पैसे घेतले नाहीत. मी तशीच परत आले.

या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यानं गेले. हे मातीला जाऊन आले. काही दिवसांनी त्यांची मुलगी शाहीन गाडीवर आमच्या घरी आली. अब्बूंचं राहिलेलं द्यायचं म्हणून तिनं यांच्या हातात पाकीट ठेवलं आणि माझ्यामागं स्वयंपाकघरात आली. पर्समधून तिनं प्लास्टिकचं एक छोटं झाकण काढलं. वर छपरासारखं उतरतं, बाजूला बारीक जाळी.

"हे तुमाले द्यायचं सांगून गेले, काकी. नंतर बार्शीटाकळीकडे जितके बोर्ड लावले, साऱ्याईले हे लावलं. 'दसऱ्याचं झाकण' म्हनत."

माझ्या हातातली सांडशी खाली पडली.

"त्याईले माहीत होतं?"

"डबीत कुंकूच होतं ना, काकी. मी म्हटलं, मंग तुमी पैशे काहून भरता? तर मलेच रागावले. म्हने, आपल्या वऱ्हाडात दसऱ्याले गाडीच्या चाकालेई कुंकू लागते. जन्म गेला माहा इथं, मले समजाले नको? झाकन मीच लावाले पाह्यजे होतं. बाईनं तर चांगल्या मनानंच केलं."

मी पदरानं डोळे पुसले. ती म्हणाली, "चहा उतू चाल्ला, काकी."

बाहेर हे नोटा मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी आवाज दिला, "ऐकलं काय वं? चाचाचे सारे पैशे फिटले. मानूस बोर्डात चुकला, पन शब्दाचा पक्का निघाला."

झाकण मी मुठीत धरलं होतं. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं. पण झाकण फळीवर ठेवलं आणि नुसताच चहा घेऊन बाहेर गेले.