फॉलवालीच्या मानेवरची गाठ

तोंडात टाचण्या धरूनही शमीम गिऱ्हाइकाशी भांडू शकायची, नुसत्या भुवयांनी. शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या जिन्याजवळच्या खोलीत ती एकटी राहायची आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिशीही गाठली नव्हती. सगळे तिला फॉलवालीच म्हणत.

घाई करणाऱ्या बाईला ती टाचण्या काढून शांतपणे सांगायची, "लग्न उद्या आहे ना? मग साडी आज कशाला आणलीत? मांडवातच बोलवायचं मला." बायका चिडायच्या आणि पुन्हा तिच्याकडेच यायच्या. टाका सरळ असायचा.

मी चौथी शिकलेली, पण इमारतीत कोणाला काही दुखलंखुपलं की आधी माझ्याकडे येत. मलाही ते आवडायचं. एकदा शमीम मान वाकडी करून म्हणाली, "आजी, इथे काहीतरी हाताला लागतंय. डॉक्टरला दाखवू का?" सुपारीएवढी गाठ होती. मी दाबून पाहिली.

"दुखतं का?"

"नाही."

"मग डॉक्टर कशाला? कुठेतरी खरचटलं असेल, त्याच्या अवधाणाची गाठ आलीय."

मी आंबेहळद उगाळून लेप लावला. तीन महिने लावत राहिले. गाठ बसली नाही, शेजारी दुसरी आली.

अंगावर पुरळ नसताना तिला सारखी खाज सुटायची. दोन गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "आंघोळ नीट करत जा गं." बायका हसल्या. ती मान खाली घालून शिवत राहिली.

रोज सकाळी तिच्या दारात उशीचा अभ्रा आणि चादर वाळत असायची. रात्री घामाने सगळं भिजतं म्हणाली. मी म्हणाले, खिडकी उघडी ठेव. थंडीचे दिवस होते, तेवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी कणकण यायची. स्वतःचा कमीज तिने दोनदा आत घेतला. "आजी, शिवणारीचंच माप चुकायला लागलं," ती म्हणाली. मी म्हणाले, "बरंय की. लोक उपास करतात बारीक व्हायला."

शेवटी येरवड्याहून तिची बहीण आली. तिने शमीमला एकदा पाहिलं आणि हाताला धरून दवाखान्यात नेलं. मीही गेले. गाठीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, हॉजकिन लिंफोमा. गाठींचा कॅन्सर. छातीतही पसरला होता.

"न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही की दाखवायची," त्या म्हणाल्या. "घाम, खाज, वजन उतरणं, सगळं होतं. इतकं थांबायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," शमीम म्हणाली. "मीच थांबले."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

केमो झाली, केस गेले, पुन्हा आले. लवकर आली असती तर कमी औषधांत भागलं असतं, असं बहीण मला सांगत होती. तिला माहीत नव्हतं ती कोणाला सांगते आहे ते. शमीम आता तिच्याकडेच राहते. बरी आहे.

अजूनही कोणी गाठ दाखवायला येतं. मी हात लावत नाही. दुखत नाही म्हणाले, तर आजच्या आज डॉक्टरकडे पाठवते.

शमीमचा फोन येतो. दर वेळी ठरवते, आज माफी मागायची. ती विचारते, "आजी, जेवलात का?" मी म्हणते, "जेवले." आणि फोन ठेवते.